दिवाणी दाव्याचं समन्स आलं: घड्याळ कधी सुरू होतं आणि प्रतिवादीनं काय करायचं

समन्स हातात पडलं की बहुतेकांची नजर आधी एकच गोष्ट शोधते: कोर्टात कधी जायचंय? तारीख महिना-दीड महिन्यानंतरची असली की जीव भांड्यात पडतो, कागद कपाटात जातो आणि तारखेच्या दोन दिवस आधी वकिलांची शोधाशोध सुरू होते. तोवर त्या तारखेपेक्षा महत्त्वाची मुदत हातची गेलेली असते. प्रतिवादीला आपलं लेखी उत्तर, म्हणजे कैफियत, समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत दाखल करायची असते. हे दिवस कोर्टाच्या तारखेपासून मोजत नाहीत. बेलिफाच्या, म्हणजे समन्स घेऊन येणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याच्या, प्रतीवर सही झाली किंवा पोस्टमननं पाकीट हातात दिलं, तो दिवस सोडून दुसऱ्या दिवसापासून मोजतात.

म्हणून सगळ्यात आधी समन्सच्या मागच्या कोऱ्या बाजूला मिळाल्याची तारीख, वेळ आणि कोणी घेतलं त्याचं नाव लिहून ठेवा. पोस्टानं आलं असेल तर पाकीट फेकू नका, त्यावरचा शिक्का पुढे पुरावा ठरतो. सगळ्या पानांचे फोटो काढा. समन्ससोबत दाव्याची नक्कल जोडलेली असायला हवी. ती नसेल, अर्धी असेल किंवा यादीतले कागद गायब असतील, तर बेलिफाच्या प्रतीवर सही करतानाच ‘दाव्याची नक्कल मिळाली नाही’ असा शेरा मारा. उत्तर कशाला द्यायचं तेच कळलं नव्हतं, हे नंतर नुसतं तोंडी सांगून पटत नाही.

कागद नीट वाचा

पक्षकारांची नावं कशी लिहिली आहेत ते पाहा. ‘वादी’ आणि ‘प्रतिवादी’ असेल तर मामला दिवाणी. ‘फिर्यादी’ आणि ‘आरोपी’ असेल तर तो फौजदारी. चेक न वटल्याच्या केसचं समन्स याच प्रकारात येतं. हा फरक फार मोठा आहे. फौजदारी समन्सला गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकतं. दिवाणी समन्सला गैरहजर राहिलात म्हणून पोलीस येत नाहीत, पण दावा तुमच्या पाठीमागे चालतो आणि निकाल तुमच्या घरावर, जमिनीवर किंवा बँक खात्यावर येतो.

दाव्याच्या नंबरावरूनही बरंच कळतं. ‘रे.मु.नं.’ म्हणजे रेग्युलर दावा, तो कनिष्ठ स्तर न्यायाधीशांपुढे चालतो. ‘स्पे.मु.नं.’ म्हणजे स्पेशल दावा, तो जास्त रकमेचा असतो आणि वरिष्ठ स्तर न्यायाधीशांपुढे चालतो. त्याखाली न्यायाधीशांचं पद असतं, उदाहरणार्थ ‘5 वे सह दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर’. पुण्यात हे पद नीट टिपून घ्यावंच लागतं, कारण शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात एकाच नावाची, फक्त क्रमांक वेगळा असलेली कितीतरी कोर्टं आहेत. शिवाय ‘जिल्हा पुणे’ एवढं वाचून थेट शिवाजीनगर गाठू नका. दावा पिंपरी, बारामती, राजगुरुनगर, वडगाव मावळ, शिरूर, सासवड किंवा जुन्नरच्या कोर्टातलाही असू शकतो. तारखेच्या दिवशी सकाळी साडेदहाला हे लक्षात आलं तर त्या दिवशी तिथं पोचणं होत नाही.

सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळाला की काम सोपं होतं. हा 16 अक्षरं-अंकांचा असतो आणि पुणे जिल्ह्यात तो ‘एमएचपीयू’नं सुरू होतो. ई-कोर्ट्सच्या मोफत अ‍ॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर तो टाकला की दाव्याचा टप्पा, पुढची तारीख, आधीच्या तारखांना काय झालं आणि काही हुकूम झाला आहे का, हे दिसतं. नंबर दिलेला नसेल तर जिल्हा, कोर्ट आणि पक्षकाराचं नाव टाकून शोधता येतं. समन्स खरं आहे की बनावट याचीही हीच तपासणी. मोबाईलवर कोर्टाच्या नावानं कागद पाठवून ‘आत्ताच पैसे भरा नाहीतर अटक’ असं कोणी सांगत असेल तर ती फसवणूक आहे. दिवाणी समन्स फक्त हजर राहायला आणि उत्तर द्यायला सांगतं. कोणाच्या खात्यात पैसे टाकायला सांगत नाही.

तीस दिवसांआधीची घड्याळं

तीस दिवसांची मुदत ही सर्वसाधारण दाव्याची. काही दाव्यांत त्याच्या कितीतरी आधी काहीतरी करावं लागतं, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

पहिलं म्हणजे तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज. जमीन, घर, रस्ता, बांधकाम यांच्या दाव्यात वादी दाव्यासोबतच हा अर्ज देतो. कोर्टात सगळे त्याला ‘निशाणी 5’ म्हणतात. समन्सच्या गठ्ठ्यात यासाठी वेगळी कारणे दाखवा नोटीस असते आणि तिची तारीख आठवड्या-दहा दिवसांतलीही असू शकते. त्या तारखेला अर्जावर लेखी ‘म्हणणं’ द्यायचं असतं. ‘कैफियतीला महिना आहे’ म्हणून बसून राहिलात तर एकतर्फी मनाई होऊ शकते, आणि दावा चालेपर्यंतची पुढची काही वर्षं जमिनीवर किंवा घरात काय करता येईल ते तोच हुकूम ठरवतो. या टप्प्यावर साक्षी होत नाहीत. कोर्ट प्रतिज्ञापत्रं आणि कागद पाहून तीन गोष्टी तोलतं: वादीची बाजू प्रथमदर्शनी खरी वाटते का, मनाई दिली किंवा नाकारली तर जास्त गैरसोय कोणाची, आणि पैशानं भरून न निघणारं नुकसान होणार आहे का. म्हणून सातबारा, फेरफार, खरेदीखत, घरपट्टीच्या पावत्या, तारखेसह जागेचे फोटो म्हणण्यासोबतच लावा, ‘नंतर देऊ’ म्हणू नका.

मनाई हुकूम आधीच झालेला असेल आणि त्याची प्रत समन्ससोबत आली असेल, तर तो चुकीचा वाटला तरी त्या क्षणापासून पाळा. मोडलात तर मालमत्ता जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. तो रद्द करून घेण्यासाठी त्याच कोर्टात ताबडतोब अर्ज करता येतो. वादीनं महत्त्वाची गोष्ट लपवून हुकूम मिळवला असेल तर ते दाखवून द्या; असा हुकूम उठवण्याची तरतूद कायद्यातच आहे.

दुसरा सापळा समरी, म्हणजे झटपट निकालाच्या, दाव्याचा. चेक, वचनचिठ्ठी किंवा ठरावीक रकमेच्या लेखी करारावरून पैसे मागणारा दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खाली दाखल होऊ शकतो. यात समन्स मिळाल्यापासून 10 दिवसांत कोर्टात हजेरी नोंदवून आपला पत्ता द्यावा लागतो, आणि हजर झाल्याची सूचना वादीच्या वकिलांनाही द्यावी लागते. त्यानंतर वादी निकालासाठीचं दुसरं समन्स बजावतो. ते मिळाल्यापासून पुन्हा 10 दिवसांत बचावाची परवानगी मागणारा अर्ज प्रतिज्ञापत्रासह द्यायचा. पहिल्या दहा दिवसांत हजर झाला नाहीत तर दाव्यातला मजकूर तुम्हाला कबूल आहे असं धरून थेट हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा निकाल, होऊ शकतो. समन्सवर ‘आदेश 37’ किंवा ‘दहा दिवसांत’ हे शब्द दिसले तर त्याच दिवशी वकील गाठा.

भाड्याचे दावे पुण्यात लघुवाद न्यायालयात चालतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या जागेचं भाडं थकलं म्हणून ताबा मागितला असेल, तर भाडेकरूला त्या कायद्याच्या कलम 15 मध्ये मोठं संरक्षण आहे. समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत सगळी थकबाकी दरसाल 15 टक्के सरळ व्याजासह दिली किंवा कोर्टात भरली, दावा संपेपर्यंत दरमहा भाडं भरत राहिलं आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा हुकूम होत नाही. अडचण येते ती भरण्यात. भाडेकरू फक्त मुद्दल भरतो आणि व्याज विसरतो, किंवा एकदा सगळं भरून पुढच्या महिन्यांचं भाडं राहून जातं. मग संरक्षण जातं. रक्कम वकिलांकडून लिहून काढा, शंका असेल तर थोडी जास्त भरा आणि चलन जपून ठेवा.

भोसरी-चाकणकडच्या छोट्या कारखानदारांनी चौथी गोष्ट लक्षात ठेवावी. व्यापारी व्यवहारातला 3 लाख रुपये किंवा त्याहून जास्त मूल्याचा वाद वाणिज्यिक दावा म्हणून येऊ शकतो. त्यातही कैफियतीची मुदत 30 दिवसांचीच आहे, पण समन्स मिळाल्यापासून 120 दिवस उलटले की कैफियत देण्याचा हक्कच संपतो. तिथं कोर्टालाही मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे.

समन्स न घेण्याचा ‘उपाय’

‘घेतलंच नाही तर काय करतील?’ हा सल्ला घरोघरी मिळतो आणि तो घातक आहे. नकार दिला तर बेलिफ समन्सची प्रत दारावर चिकटवून तसा अहवाल देतो. पोस्टाचं पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा होऊन परत गेलं तर कोर्ट बजावणी झाली असंच धरतं. टाळाटाळ चालूच राहिली तर वर्तमानपत्रात जाहीर समन्स देता येतं, आणि ती बजावणीही हातात दिल्याइतकीच पक्की मानली जाते. म्हणजे मुदत चालू होतेच, फक्त दावा काय आहे हे तुम्हाला कळलेलं नसतं.

तुम्ही घरी नसाल आणि लवकर भेटण्याची शक्यता नसेल, तर तुमच्यासोबत राहणाऱ्या घरातल्या सज्ञान व्यक्तीकडे समन्स देता येतं. घरकामगार किंवा सोसायटीचा वॉचमन यात बसत नाही. कोथरूड-बाणेरकडे नेहमी दिसणारी गोष्ट म्हणजे मुलगा परदेशात, समन्स त्याच्या नावावर आणि दारात वयस्कर आई-वडील. मुलगा तिथं राहत नसेल तर त्यांच्या सहीनं झालेली बजावणी योग्य ठरत नाही. त्यांनी बेलिफाला तसं स्पष्ट सांगावं आणि ‘मुलगा या पत्त्यावर राहत नाही’ हा शेरा लिहून घ्यायला लावावं. पण त्याच संध्याकाळी मुलाला फोटो पाठवावेत. दावा असल्याचं आणि तारीख कधी आहे ते कळलं होतं हे सिद्ध झालं, तर बजावणीतल्या तांत्रिक चुकीच्या आधारावर नंतर सुटका होत नाही. प्रतिवादी मरण पावलेला असेल तर घरच्यांनी समन्स स्वतः स्वीकारू नये, मृत्यूची तारीख बेलिफाला लिहून द्यावी.

पहिली तारीख

वकील ठरवताना फी आणि ती कोणत्या टप्प्यापर्यंतची आहे हे लिहून घ्या. दाखल होणाऱ्या प्रत्येक कागदाची प्रत मागा. पुढे वकील बदलायचे झाले तर आधीच्या वकिलांची ना हरकत लागते, त्यामुळे घाईनं कुठल्याही वकीलपत्रावर सही करू नका. फी परवडत नसेल तर शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो, आणि इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. 15100 या क्रमांकावर माहिती मिळते.

वकील ठरला नसला तरी तारखेला जाच. मेट्रोचं जिल्हा न्यायालय स्थानक कोर्टाला लागूनच आहे, त्यामुळे पार्किंग मिळालं नाही ही सबब उरत नाही. कोर्टाच्या दाराबाहेरच्या बोर्डावर आपला दावा कितवा आहे ते पाहा आणि पुकारा ऐकू येईल असे थांबा. नाव पुकारलं की पुढे होऊन ‘प्रतिवादी हजर’ सांगा आणि वकील नेमण्यासाठी व कैफियतीसाठी मुदत मागणारा साधा लेखी अर्ज द्या. पुकाऱ्याच्या वेळी चहाला गेलात तर रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, तुम्ही गैरहजरच. निघण्यापूर्वी पुढची तारीख विचारून घ्या आणि दोन-तीन दिवसांनी अ‍ॅपवर ताडून पाहा.

कैफियत: खरा बचाव इथे असतो

कैफियत म्हणजे दाव्याच्या प्रत्येक कलमाला दिलेलं उत्तर. कायद्याचा नियम कडक आहे: जी गोष्ट तुम्ही स्पष्टपणे नाकारली नाही ती कबूल धरली जाऊ शकते. आणि नाकारणं म्हणजे ‘सदर कलमातील मजकूर खोटा, खोडसाळ असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही’ हे एकच वाक्य प्रत्येक कलमाखाली उतरवणं नव्हे. अशा ठोकळेबाज कैफियती आजही सर्रास दाखल होतात, आणि उलटतपासात त्या उघड्या पडतात.

समजा दाव्यात लिहिलंय, ‘वादीने प्रतिवादीस दि. 12 मार्च रोजी रोख रक्कम रुपये 4,00,000 दिली.’ तुम्ही उत्तर दिलंत, ‘दि. 12 मार्च रोजी 4,00,000 रुपये दिले हे खोटे आहे.’ यातून काय निघतं? कदाचित 14 तारखेला दिले असतील, कदाचित साडेतीन लाख असतील. कोर्ट याला टाळाटाळीचं उत्तर म्हणतं. नीट उत्तर असं असतं: ‘वादीने प्रतिवादीस 12 मार्च रोजी किंवा अन्य कोणत्याही दिवशी 4,00,000 रुपये किंवा त्यापैकी कोणतीही रक्कम रोख दिलेली नाही. 12 मार्च रोजी उभय पक्षांची भेट झाली हे खरे आहे, परंतु ती दुकानाच्या भाड्याबाबत होती.’ जे खरं आहे ते सरळ कबूल करा. खरी गोष्ट नाकारून पुढे ती सिद्ध झाली की तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरचाही विश्वास उडतो.

कलमवार उत्तर झालं की ‘खरी हकिकत’ सलग, तारखांच्या क्रमानं लिहा. वकिलांकडे जाण्याआधी घरीच एक पान तयार करा: डावीकडे तारीख, मध्ये काय घडलं, उजवीकडे त्याचा कागद कुठला. या एका पानानं वकिलांचं निम्मं काम होतं आणि चुका टळतात.

कायद्याचे आक्षेप याच वेळी घ्यायचे. उसन्या पैशांची वसुली साधारणपणे तीन वर्षांत मागावी लागते. दावा मुदतबाह्य असेल तर तसं लिहा. या कोर्टाला अधिकारक्षेत्र नाही हा मुद्दा पहिल्याच संधीला घ्यावा लागतो. करारात लवादाचं कलम असेल तर वाद लवादाकडे पाठवण्याचा अर्ज कैफियतीच्या आधी द्या, कारण मुद्द्यांवर कैफियत देऊन बसलात की तो रस्ता बंद होतो. तुमचंच वादीकडे येणं असेल तर प्रतिदावा करता येतो. त्याला कोर्ट फी लागते आणि तो कैफियतीसोबतच द्यावा; दाव्यातले वादाचे मुद्दे कोर्टानं ठरवल्यावर सहसा घेतला जात नाही.

कागद यादीसह कैफियतीबरोबरच द्या. नंतर द्यायचे तर कोर्टाची परवानगी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुराव्यात वापरायचं असेल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि मूळ फोन सांभाळावा लागतो. फोन विकला किंवा चॅट पुसले तर नुसत्या छापील पानांवर भिस्त ठेवता येत नाही. शेवटी कैफियतीवर सत्यापन आणि प्रतिज्ञापत्र असतं. सही करण्यापूर्वी शब्द न् शब्द वाचा. इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून घ्या, कारण साक्षीच्या पिंजऱ्यात ‘वकिलांनी काय लिहिलं मला माहीत नाही’ हे उत्तर तुमच्याच विरोधात जातं.

30 दिवस पुरले नाहीत तर मुदत संपण्याआधी कारण देऊन अर्ज करा. साध्या दाव्यात कोर्ट ही मुदत समन्स मिळाल्यापासून एकूण 90 दिवसांपर्यंत वाढवू शकतं. त्यापुढची कैफियतही अपवादात्मक कारण असेल तर खर्च बसवून घेतली जाते, पण तो तुमचा हक्क नाही. तोवर ‘विना कैफियत’ दावा पुढे नेण्याचा हुकूम झाला तर वादीच्या साक्षीदारांचा उलटतपास घेता येतो, पण स्वतःची हकिकत मांडायला जागा राहत नाही.

हवेली-मुळशीकडच्या वाटपाच्या दाव्यात बहिणी, चुलत भाऊ, जमिनीचा तुकडा घेतलेले खरेदीदार असे सगळे प्रतिवादी असतात. ‘आपलं नाव नावापुरतं आहे, भाऊ बघून घेईल’ म्हणून बहिणी गप्प बसतात. मग भावाच्या कैफियतीत ‘बहिणींनी हक्क सोडला आहे’ असं एक वाक्य असतं आणि त्याला उत्तर द्यायला कोर्टात कोणी नसतं. हिस्सा हवा असो वा सोडायचा असो, स्वतःचं म्हणणं स्वतः दाखल करा.

बाहेर तडजोडीची बोलणी चालू असतील तेव्हाही तारखा सोडू नका. ‘मी दावा काढून घेतो, तुम्ही येऊ नका’ या शब्दावर विसंबून कित्येकांवर एकतर्फी हुकूमनामे झालेत. तडजोड दोघांच्या सहीच्या पुरसिशीनं, म्हणजे लेखी निवेदनानं, कोर्टात नोंदली गेली आणि दावा निकाली निघाल्याचं रोजनाम्यात दिसलं, तरच ती झाली.

एकतर्फी हुकूम झाला असेल तर

दावा एकतर्फी चालवण्याचा नुसता आदेश झाला असेल आणि निकाल लागायचा असेल, तर गैरहजेरीचं सबळ कारण देऊन तो आदेश रद्द करून मागा. सोबत कैफियत तयार ठेवा. नुसत्या अर्जापेक्षा अशा अर्जाकडे कोर्ट जास्त गांभीर्यानं पाहतं. खर्चाची रक्कम भरावी लागू शकते.

हुकूमनामाच झाला असेल तर तो रद्द करण्याच्या अर्जाला 30 दिवसांची मुदत आहे, हुकूमनाम्याच्या तारखेपासून. समन्स योग्य रीतीनं बजावलंच नसेल तर हे 30 दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात. अनेकांना पहिली माहिती दरखास्तीच्या नोटिशीनं, म्हणजे वसुली किंवा ताब्याची कारवाई दारात आल्यावर होते. अशा वेळी त्याच दिवशी नक्कल विभागात अर्ज करून समन्सवरचा बेलिफाचा अहवाल, पोस्टाची पोच आणि हुकूमनाम्याची नक्कल काढा. समन्स कोणत्या पत्त्यावर गेलं, कोणाची सही आहे, तेव्हा तुम्ही कुठं राहत होतात, यावरच अर्ज ठरतो. जुना भाडेकरार, वीजबिल, कंपनीचं बदलीपत्र असा कागद सोबत लावा. मुदत उलटली असेल तर उशीर माफीचा वेगळा अर्ज द्या आणि दरखास्तीच्या कारवाईला स्थगितीही वेगळी मागा, कारण हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज नुसता दाखल केल्यानं जप्ती थांबत नाही.